हौशीनानांनी सुचवलेलं पुस्तक

हौशीनाना मुलांना पुस्तकं सुचवायचे. उभ्या जन्मात त्यांनी दुसरं मोठं काम केलं नाही, आणि त्या एका कामापायीच त्यांचा उजवा हात निकामी झाला.

पिंपळवंडीहून बोरीकडं निघालं की मधे आमची वाडी लागते. ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्यांत वाचनालय होतं आणि हौशीराम, म्हणजे आमचे नाना, तिथले ग्रंथपाल. पगार नावालाच. घर चालायचं ते वाटणीला आलेल्या तुकड्यातल्या कांद्यावर आणि त्यांच्या बायकोच्या, बयाबाईच्या म्हशींवर. पोरबाळ नव्हतं. वाचनालयात मोठी माणसं यायची ती पेपरसाठी. टोमॅटोच्या बाजारभावाचं पान आधी कुणी घ्यायचं यावरून रोज कुरबुर चालायची. कपाटातल्या पुस्तकांवर धूळ बसलेली असायची. एका वर्षी अनुदान आलं तेव्हा नानांनी मोठ्यांच्या कादंबऱ्या आणल्याच नाहीत. पुण्याला जाऊन, अप्पा बळवंत चौकात दिवसभर उभं राहून, नवी निघालेली मुलांची पुस्तकं निवडली आणि एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन आणली.

शनिवारी शाळा सकाळची असायची. सुटायच्या आधी गुरुजी नानांना वर्ग द्यायचे. नाना पिशवीतून एकेक पुस्तक काढायचे, पण वाचून दाखवायचे नाहीत. गोष्ट सांगायला लागायचे आणि ऐन अवघड जागी थांबायचे. पोरगं विहिरीत वाकलंय, दोर सुटतोय, आणि नाना पुस्तक मिटायचे.

"पुढचं आत हाय," एवढंच म्हणायचे.

मग काय, शाळा सुटली की वाचनालयाच्या पायरीवर झुंबड. मीही त्या झुंबडीत असायचो.

नववी-दहावीच्या पोरांसाठी त्यांची वेगळी निवड असे. इंजिनाचं वेड असलेल्याला इंजिनाचं. घरातून पळून जायच्या गोष्टी करणाऱ्याला वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची कहाणी. वयात येणाऱ्या मुलींसाठी शरीराची माहिती देणारं एक नवं पुस्तक निघालं होतं. ते त्यांनी खाकी कागदात गुंडाळून शाळेतल्या बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, हे फिरतं राहू द्या. नोंद न्हाई केली तरी चालंल." गावात दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं.

पुस्तक देण्याआधी नाना ते स्वतः वाचत. एकही पुस्तक न वाचता दिलं नाही, असं ते नंतरही सांगत. सांगताना त्यांचा आवाज मात्र खाली यायचा.

त्या सुमाराला आमच्या भागात वाघाचं भय सुरू झालं होतं. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. कालव्याला पाणी आलं तसा ऊस घरांच्या भिंतीला येऊन टेकला, आणि उसात वाघ राहायला आला. आधी कुत्री जाऊ लागली. मग शेळ्या. मग एके दिवशी ओतूरकडच्या कुठल्याशा वस्तीवरचं मूल गेल्याची बातमी आली आणि आयांनी पोरांना परड्यात एकटं सोडणं बंद केलं. शाळेच्या वाटेला दोन्ही बाजूंना ऊस. आम्ही घोळक्यानं, मोठ्यांदा पाढे म्हणत जायचो. मधेच कुणी गप्प झालं की सगळेच गप्प व्हायचे, आणि उसाची पानं वाजलेली ऐकू यायची.

दोन हजार दोन सालच्या थंडीत नानांनी नवी पुस्तकं आणली. त्यात एक हिरव्या पुठ्ठ्याचं होतं. रानात सापडलेलं वाघाचं पिल्लू एक मुलगा घरी आणतो, लपवून वाढवतो, ते त्याचा जिवलग होतं, अशी गोष्ट. चित्रं सुरेख होती. पिल्लाचे डोळे एवढे पाणीदार काढले होते की बघणाऱ्याला त्याला उचलून घ्यावंसं वाटे. नानांनी ते पुस्तक मुद्दाम निवडलं होतं. पोरं रात्री दचकून उठतात, अंथरूण ओलं करतात, असं आया त्यांच्याकडं येऊन सांगत. पोरांच्या मनातलं भय थोडं कमी होईल, एवढाच त्यांचा हेतू.

त्या शनिवारी त्यांनी गोष्ट सांगितली. मुलगा पिल्लू सदऱ्याच्या आत लपवतो, घराकडं निघतो आणि समोरून बाप येतो. तिथं नाना थांबले.

"पुढचं आत हाय."

पुस्तक सगळ्यात आधी नेलं प्राचीनं. ती सातवीत होती. तिचा बाप कुशाबा नारायणगावच्या मार्केटला टेम्पोनं माल पोचवायचा आणि सकाळीच निघून जायचा. आई साळुबाई दिवसभर रानात. वस्ती गावापासून लांब, तिन्ही बाजूंनी उसानं वेढलेली. धाकटा भाऊ पप्पू अजून शाळेत जात नव्हता. त्याला सांभाळणं प्राचीकडं. तिनं पुस्तक परत आणलं, पुन्हा नेलं, परत आणलं आणि तिसऱ्यांदा मागितलं. नानांना आनंदच झाला. पोरगी पुस्तकात गुंतली, असं त्यांनी बयाबाईला कौतुकानं सांगितलं.

जानेवारीत ऊसतोड आमच्या वाडीला पोचली. कुशाबाच्या बांधाला लागून असलेला निम्मा फड तोडून झाला आणि तोडणारे दुसऱ्या गावाला गेले. उरलेला ऊस तसाच उभा राहिला. त्याच दिवसांत वस्तीवरून वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या. कुशाबाचं कुत्रं दिसेनासं झालं. वाघ आता दिवसाउजेडीही ओरडतो, असं पाणी भरणारे सांगू लागले. वाघाचं ते ओरडणं डरकाळीसारखं नसतं. लाकडावर कोणी करवत ओढावी तसा आवाज येतो, मागं-पुढं, मागं-पुढं. एकदा ऐकला की विसरत नाही.

"काय शोधतंय काय कळंना," एक म्हातारा पारावर म्हणाला. "असं दिवसा फिरत न्हाई ते."

त्याच आठवड्यातल्या शनिवारी नाना शाळेत आले. पिशवीत दुसरी पुस्तकं होती. तास संपल्यावर प्राची त्यांच्याजवळ आली.

"नाना, त्या पुस्तकातलं पिल्लू दूध कसं प्यायचं? चमच्यानं का कापसाच्या बोळ्यानं?"

"त्यात लिवलंय की. बोळ्यानं."

"पन बोळ्यानं पीत न्हाई."

"कोन पीत न्हाई?"

प्राची गडबडली. "न्हाई, म्हंजे मांजरीचं. आमच्या मांजरीचं पिल्लू."

तिच्या दोन्ही हातांवर बारीक लाल ओरखडे होते. अंगाला उग्र, आंबूस वास येत होता. नानांनी हात बघितले. ती हात मागं घेऊन पळाली.

नाना घरी जेवायला बसले, पण ताट तसंच पुढं सारलं. बयाबाईनं विचारलं तर म्हणाले, "कुशाबाकडं मांजर हाय का गं?"

"त्यांची मांजर मागंच वाघानं न्हेली की. साळूच सांगत व्हती."

नाना तसेच उठले. वाचनालय उघडलं, हिरवं पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्याच पहिल्यापासून वाचायला लागले. हे वाचन वेगळं होतं, असं त्यांनी पुढं मला सांगितलं. पहिल्या वेळी ते गोष्ट वाचत होते. या वेळी ते पिल्लाच्या आईला शोधत होते. ती सापडली दुसऱ्या पानावर, एका ओळीत. पिल्लाची आई आधीच मेली होती. लेखकानं तिला तिथंच संपवलं होतं, म्हणून पुढची सगळी पानं सुखाची होती.

"हौशीराम, त्या एका ओळीवरून तू घसरलास, असं झालं मला," नाना म्हणाले. "पोरं वाचताना ती ओळ गाळनार. मीच गाळली व्हती."

त्यांनी सायकल काढली. वाटेत कुणाला सोबत घ्यावं असं मनात आलं, पण ऊन उतरायला लागलं होतं आणि संशय खोटा निघाला तर पोरीचं नाव उगाच गावभर झालं असतं. वस्तीच्या वाटेला लागले तसा आजूबाजूचा आवाज बंद झाला. तोडलेल्या फडात बगळे नव्हते. कुठं कुत्रं भुंकत नव्हतं. उभ्या उसाच्या कडेनं ओल्या मातीत ठसे उमटलेले होते. एकाच दिशेनं नव्हेत, जाणारे आणि येणारे, पुन्हा पुन्हा तुडवलेले. सगळे ठसे कुशाबाच्या कांद्याच्या बराखीकडं जात होते आणि थोडं अलीकडं थांबून मागं फिरत होते.

साळुबाई मेथी निवडत दारात बसली होती. "या, हौशीभाऊ. आज इकडं कसं?"

"वहिनी, प्राची कुठंय?"

प्राची दारामागंच उभी होती. नानांना पाहून ती एक पाऊल मागं सरली.

"पिल्लू कुठंय, प्राची?"

साळुबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली. "कसलं पिल्लू?"

"बराखीत," प्राची म्हणाली आणि रडायलाच लागली. "गुरवारी सापडलं. दोन व्हती, नाना. मी एकच आनलं. दुसरं तिथंच ठिवलं. एकटीच पडली व्हती, त्यांची आई मेली असंल म्हनून..."

"आई मेली न्हाई त्याची," नाना म्हणाले. "पप्पू कुठंय?"

प्राचीनं बराखीकडं बघितलं.

कांद्याची बराखी म्हणजे बांबूच्या तट्ट्यांची लांबट खोली. त्या दिवसांत ती रिकामी होती. आत टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाटावर पिल्लू होतं, बोक्याएवढं, ठिपक्यांचं, आणि शेजारी पप्पू मांडी घालून त्याला बिस्कीट भरवत होता. पलीकडच्या तट्ट्याला ऊस अगदी लागून. साळुबाई ओरडत पळत सुटली, तिनं पप्पूला बखोटीला धरून ओढून काढलं. त्याच वेळी तट्ट्यापलीकडून करवतीचा आवाज आला. एकदा. मग थांबला.

नाना म्हणायचे, तो थांबला हेच वाईट होतं.

"वहिनी, पोरांना घेऊन घरात जा. दार लावा. कडी घाला."

"आन तुमी? कुशाबा येऊ द्या, भाऊ. फॉरेस्टवाल्यांना सांगावा धाडू."

"कुशाबा दिवेलागणीला येनार. तवर ती घरात शिरंल." मग ते प्राचीकडं वळले. "कुठं सापडलं ते सांग. नीट आठव."

"पाटाच्या कडंला. पानी सोडायच्या मोडक्या दारापाशी. मी येते दाखवायला."

"तू आत जा."

नानांनी क्रेट उचलला आणि बाहेर पडले. हळू चालले. मुद्दाम बोलत चालले, म्हणजे आपण चोरून येत नाही हे वाघिणीला कळावं. काय बोलत होतात, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "माफी मागत व्हतो. दुसरं काय बोलनार?"

पाटाच्या दारापाशी त्यांनी क्रेट खाली ठेवला, आडवा केला आणि मागं सरले. पिल्लू बाहेर येईना. दोन दिवसांत त्याला त्या गोणपाटाची सवय झाली होती. सूर्य टेकला होता. नानांना वाटलं, ते बाहेर दिसलं नाही तर ती पुन्हा बराखीकडंच जाईल. ते परत पुढं झाले, वाकले आणि उजव्या हातानं पिल्लाला मानेला धरून बाहेर काढलं. पिल्लू किंचाळलं.

ती कुठून आली ते त्यांना दिसलंच नाही. खांद्यावर भार पडला आणि ते पाटात तोंडावर आपटले. पाणी गार होतं, तेवढं आठवतं, म्हणाले. पुढचं साळुबाईनं खिडकीतून पाहिलं. वाघीण क्षणभर त्यांच्या पाठीवर उभी होती. मग तिनं जबड्यातला खांदा सोडला, पिल्लू उचललं आणि उसात गेली. ऊस हललासुद्धा नाही.

साळुबाई पितळी थाळी बडवत बाहेर धावली. तिनंच नानांना पाटातून ओढलं. कुशाबाचा टेम्पो आला तेव्हा त्यातले रिकामे क्रेट रस्त्यावर फेकून त्यांना नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. जीव वाचला. खांद्यातली शीर तुटली होती. उजवा हात पुन्हा खांद्यापर्यंतही उचलता आला नाही.

गोष्ट इथं थांबली असती तर गावानं नानांना डोक्यावर घेतलं असतं. पण होळीच्या आसपास पलीकडच्या वस्तीवरची एक लहान मुलगी अंगणातून गेली. आई चुलीपाशी, बाप गोठ्यात, आणि मधल्या अंगणातून मुलगी गेली. सकाळी उसात सापडली. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला, त्यात एक वाघ अडकला. तो नर होता, असं ते म्हणाले. पण गावाला वाघीण हवी होती. पिल्लू चोरलं म्हणून ती चवताळली, माणसाला सरावली, असं लोक बोलू लागले. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. आजही नाही.

गावची बैठक बसली. कुशाबा मान खाली घालून बसला होता. कुणीतरी प्राचीचं नाव घेतलं. गळ्यात अडकवलेल्या हातानं नाना उभे राहिले.

"पोरीचं नाव काडायचं न्हाई," ते म्हणाले. "तिनं वाचलं तसं केलं. वाचायला मी सांगितलं. काय बोलायचं ते मला बोला."

लोक बोलले. त्या मुलीचा चुलता उठून अंगावर धावून गेला, त्याला चौघांनी धरलं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी मुलांच्या कपाटाला कुलूप लावायला सांगितलं. नानांनी स्वतः, डाव्या हातानं लावलं. बैठकीनंतर ते त्या मुलीच्या घरी गेले. तिथं त्यांना कुणी बस म्हटलं नाही. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, बऱ्याच वेळानं परत आले, आणि तिथं काय झालं हे त्यांनी बयाबाईलाही सांगितलं नाही.

प्राचीनं बोलणं जवळजवळ सोडलं. शाळेत यायची, खाली मान घालून बसायची. शनिवारचा तो तास आता गणिताला गेला होता. आमच्यातली पोरं तिच्या बाकावर बसत नसत. एकदा कुणीतरी फळ्यावर वाघाचं चित्र काढून खाली तिचं नाव लिहिलं. गुरुजींनी ते पुसलं, पण तिनं वाचलं होतं.

कुलूप दीड वर्ष राहिलं. ते उघडायला लावलं साळुबाईनं. तिला धड वाचता येत नव्हतं. ती भर दुपारी वाचनालयात आली, पेपर वाचणाऱ्या बाप्यांना ओलांडून अध्यक्षांच्या टेबलापाशी गेली.

"माझी पोरगी घरात मुकी बसती," ती म्हणाली. "आधी बोलायची ती पुस्तकाचंच बोलायची. तिला पुस्तक द्या. न्हाईतर कपाट जाळून टाका, म्हंजे आस तरी राहनार न्हाई."

नाना पुन्हा शनिवारी शाळेत जाऊ लागले. पण आता ते अवघड जागी थांबत नसत. गोष्ट शेवटपर्यंत सांगत, आणि नंतर पुस्तकात काय नाही तेही सांगत. या पुस्तकातला मुलगा रेल्वेच्या रुळावरून चालतो, खऱ्या रुळावर मागून येणाऱ्या गाडीचा आवाज वेळेत ऐकू येत नाही. या पुस्तकातली मुलगी शहरात पळून जाते, तिला भेटलेली सगळी माणसं भली आहेत, तुम्हाला तशी भेटतीलच असं नाही. पोरं जांभया देत. पायरीवरची झुंबड कमी झाली ती कायमची. नानांना ते कळत होतं. "पूर्वी मी पोरांना ओढून आनायचो," मला म्हणाले. "आता दारात उभा राहून राखन करतो. दोन्ही एका मानसाला जमत न्हाई."

हिरवं पुस्तक त्यांनी फाडलं नाही. कपाटातच ठेवलं. कुणी मागितलं तर देत, पण आधी पोराला समोर बसवून ती दुसऱ्या पानावरची ओळ त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेत.

प्राची दहावीला गेली त्या वर्षी एका संध्याकाळी साळुबाई एकटीच वाचनालयात आली. नव्या पुस्तकांचा गठ्ठा नुकताच सुटला होता. नानांनी डाव्या हातानं चाळून एक जाडसर पुस्तक काढलं. एका मुलीची गोष्ट होती, तिच्या हातून एक चूक घडते आणि तिला त्याच गावात राहायचं असतं.

साळुबाईनं ते उलटसुलट करून बघितलं. "ह्यात काय वाईट न्हाई ना, भाऊ?"

"हाय, वहिनी," नाना म्हणाले. "लई हाय. मधे मधे तिच्यानं वाचवनार न्हाई."

"मंग?"

"मंग तिला मोठ्यानं वाचायला लावा. तुमी शेजारी बसा. थांबली तर थांबू द्या."

साळुबाईनं पुस्तक पदराखाली घेतलं. बाहेर दिवे गेले होते. वस्तीच्या वाटेवरचा ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेला होता. पारावर पप्पू तिची वाट बघत उभा होता. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि दोघंही मोठमोठ्यानं, काहीबाही बोलत त्या वाटेला लागली. त्यांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत नाना पायरीवर उभे होते.